ब्रॅम्प्टनमध्ये लीज-पर्चेसवर ट्रक घ्यावा का? येऊ पाहणाऱ्या एका ट्रेलरचालकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. न्हावाशेवा ते चाकण-रांजणगाव या मार्गावर कंटेनरचा ट्रेलर चालवण्याचा तुम्हाला आठ वर्षांचा अनुभव आहे. एका ट्रेलरमध्ये थोरल्या भावाबरोबर निम्मी भागीदारी आहे. पत्नी परिचारिका असून कॅनडातील कायम वास्तव्याचा, म्हणजे पीआरचा अर्ज तिच्या नावाने दाखल झालेला आहे. त्याचा निकाल येण्याआधीच पुण्यातील एका एजंटाने ओंटारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टनच्या एका कंपनीचा प्रस्ताव तुमच्यापुढे ठेवला आहे. कंपनी वर्क परमिट काढून देणार, आणि तुम्ही इथे पोचलात की एकही डॉलर आगाऊ न घेता चार वर्षे वापरलेला फ्रेटलायनर कॅस्केडिया ‘लीज-पर्चेस’वर देणार: आठवड्याला ९५० डॉलर, असे १५६ आठवडे, आणि शेवटी १५,००० डॉलर भरले की ट्रक तुमचा. हे स्वीकारावे का, आणि भागीदारीतला हिस्सा विकून पैसे बरोबर आणावेत का, असे तुम्ही विचारले आहे.

सरळ उत्तर आधी देतो. हा ट्रक या अटींवर घेऊ नये. तुम्हाला भाडे, म्हणजे वाहून न्यायचा माल, देणारा आणि तुमच्याकडून हप्ता वसूल करणारा एकच असला की हिशोबाच्या दोन्ही बाजू त्याच्या हातात जातात. माझा मूळ आक्षेप एवढाच आहे. बाकीचे आकडे त्याच्या मागोमाग येतात.

मात्र आकड्यांच्या आधी परमिटचा मुद्दा पाहायला हवा, कारण तिथे चूक झाली तर पुढच्या कशालाच अर्थ उरणार नाही. एलएमआयए नावाच्या, परदेशी कामगार नेमण्यासाठी मालकाने काढायच्या सरकारी मंजुरीच्या आधारावर जे वर्क परमिट मिळते, ते एका मालकाशी बांधलेले असते. परमिटवर त्या मालकाचे नाव असते आणि त्याच्याकडे नेमून दिलेल्या कामावर नोकरी करण्याची तेवढी मुभा असते. लीज-पर्चेसमध्ये मात्र तुम्ही नोकर राहत नाही. तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक म्हणून ट्रक भाड्याने घेता, डिझेल स्वतः भरता आणि कंपनीला बिल लावता. म्हणजे जी कंपनी तुम्हाला नोकर म्हणून मागवते आणि पोचल्यावर ठेकेदार करून टाकते, ती सरकारला एक सांगते आणि तुमच्याकडून दुसरेच करून घेते. हे तपासणीत उघड झाले तर परमिटच्या अटी मोडणाऱ्यांत तुमचेही नाव लागते, आणि पत्नीच्या अर्जात तुम्ही सोबतचे अर्जदार असल्यामुळे त्याची झळ तिच्या फायलीपर्यंत पोचू शकते. तिच्या नावाने पीआर झाले तर तुम्हाला इथे कोणाकडेही नोकरी करण्याची आणि स्वतःचा धंदा करण्याचीही मोकळीक मिळणार आहे. ती चालून येत असताना मध्येच या परमिटच्या भानगडीत पडण्याचे कारण मला दिसत नाही. एजंट एलएमआयएच्या नावाखाली तुमच्याकडून काही लाख मागत असेल, तर हेही जाणून असा की त्या अर्जाचे दर जागेमागे १,००० डॉलर शुल्क मालकाने भरायचे असते आणि ते कामगाराकडून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे.

याच्या शेजारचा आणखी एक प्रकार ब्रॅम्प्टन-मिसिसागा भागात बराच चालतो, आणि तो तुमच्यापुढे येईलच. त्याला इथे ‘ड्रायव्हर इंक.’ म्हणतात. ट्रक कंपनीचा, डिझेल कंपनीचे, काम कंपनी सांगेल ते. पण ड्रायव्हरने स्वतःच्या नावाने एक कंपनी काढायची आणि पगाराऐवजी बिल लावायचे. हातात येणारी रक्कम कपात नसल्यामुळे मोठी दिसते, परंतु रजा, ओव्हरटाइम, बेरोजगारी विमा यांपैकी काहीही मिळत नाही. कर खात्याच्या दृष्टीने अशी कंपनी म्हणजे कंपनीच्या वेशातला नोकर असल्यामुळे लहान उद्योगाची करसवलत नाकारली जाते आणि वर्षाअखेर मोठा कर अंगावर येतो. प्रांताबाहेर किंवा सीमेपलीकडे माल नेणाऱ्या कंपन्यांना लागू असलेल्या कॅनडा लेबर कोडमध्ये, नोकराला नोकर न मानणे १ जानेवारी २०२१ पासून स्पष्टपणे निषिद्ध आहे. तरीही हा प्रकार थांबलेला नाही. इथे ट्रकच्या धंद्याची बोलीभाषा पंजाबी आहे, आणि आपल्यासारखा नवखा मराठी माणूस डिस्पॅच ऑफिसात, म्हणजे गाड्यांना कामे वाटून देणाऱ्या कचेरीत, बसला की ‘सगळे असेच करतात’ हे वाक्य त्याला पहिल्याच चहाबरोबर ऐकवले जाते.

आता मालकीकडे वळू. आपल्याकडे फायनान्सवर गाडी घेतली तरी आरसी बुकावर नाव आपले असते, फायनान्स कंपनीचा बोजा हायपोथिकेशन म्हणून नोंदवलेला असतो, आणि हप्ते फिटले की एनओसी घेऊन आरटीओत बोजा उतरवला जातो. गाडी कोणत्या ट्रान्सपोर्टकडे लावायची हे आपण ठरवतो. एका शेठशी पटले नाही तर दुसऱ्याकडे लावतो. कंपनीच्या लीज-पर्चेसमध्ये नेमके हेच नसते. ट्रक शेवटच्या दिवसापर्यंत कंपनीच्या मालकीचा राहतो, नंबर प्लेट सहसा कंपनीच्या नावावर असते, विमा कंपनीच्या ताफ्याच्या पॉलिसीत असतो आणि त्या ट्रकवर दुसऱ्या कोणाचे भाडे मारण्यास करारात मनाई असते. दीड वर्षाने तुम्ही सोडून गेलात, किंवा त्यांनी करार संपवला, तर तोपर्यंत भरलेले सगळे पैसे भाडे म्हणून जमा धरले जातात आणि ट्रक त्यांच्या आवारात परत जातो. पुढच्या महिन्यात तोच ट्रक दुसऱ्या कोणाला तरी पहिल्या हप्त्यापासून दिला जातो. म्हणून अशा कंपनीला प्रत्येकाने शेवटपर्यंत टिकावे अशी घाई नसते, हे ध्यानात ठेवावे.

तुमच्या प्रस्तावाची बेरीज करून पाहा. १५६ आठवडे गुणिले ९५० म्हणजे १,४८,२०० डॉलर, त्यात शेवटचे १५,००० मिळवले की १,६३,२०० डॉलर. एवढा चाललेला कॅस्केडिया डीलरकडे ६५,००० डॉलरच्या आसपास मिळेल असे धरू. त्यातले १५,००० तुम्ही रोख भरले आणि ५०,००० वर बारा टक्के दराने चार वर्षांचे कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,३१७ डॉलर येतो आणि रोख रकमेसकट सगळा खर्च ७८,२०० डॉलरच्या आसपास थांबतो. बारा टक्के हा दर काही स्वस्त नाही, तरीही फरक दुपटीहून अधिक आहे. ‘एकही डॉलर आगाऊ नाही’ या सवलतीची ही किंमत आहे, आणि ज्याच्याजवळ इथला पतइतिहास नाही त्याला ती सवलत सर्वांत गोड वाटते.

आता आठवड्याचा हिशोब. पुढचे दर मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या हातात येणाऱ्या करारातले आकडे त्या जागी घालून तुम्ही स्वतः पुन्हा मांडणी करा. मैलाला दोन डॉलर मिळतात आणि आठवड्यात २,५०० मैल झाले असे धरले, तर ५,००० डॉलर जमा झाले. हे अंतर साधारण ४,००० किलोमीटर आहे. शंभर किलोमीटरला ३६ लिटर आणि लिटरला दीड डॉलर धरल्यास डिझेलचे २,१७० डॉलर गेले. ट्रकचा हप्ता ९५०, विमा ३५०, देखभालीसाठी मैलाला १५ सेंट म्हणजे ३७५, कंपनी राखून ठेवते ती अनामत १००, प्लेट, परवाने, ईएलडी (चालवण्याचे तास नोंदवणारे यंत्र) आणि पार्किंग मिळून १२५. हे सगळे वजा जाता ९३० डॉलर उरतात, आणि त्यातून कर व कॅनडा पेन्शन प्लॅनचा हप्ता अजून जायचा आहे. तो हप्ता स्वयंरोजगारित माणसाला मालकाचा आणि नोकराचा असे दोन्ही वाटे मिळून ११.९ टक्के भरावा लागतो. तेवढेच मैल मैलाला ६० सेंट दराने कंपनीचा नोकर म्हणून चालवले, तर १,५०० डॉलर पगार होतो. डिझेलची, टायरची आणि इंजिनाची चिंता मालकाची.

खरी गोम मंदीच्या आठवड्यात कळते. मैल १,५०० वर आले तर जमा ३,०००. डिझेल १,३०० आणि देखभाल २२५ एवढे खर्च मैलांबरोबर कमी होतात, परंतु हप्ता, विमा, अनामत आणि परवाने मिळून १,५२५ डॉलर जसेच्या तसे उभे राहतात. एकूण खर्च ३,०५०. म्हणजे आठवडाभर घराबाहेर राहून तुम्ही कंपनीला ५० डॉलर देणे लागता, आणि ते पुढच्या आठवड्याच्या हिशोबात पहिल्या ओळीवर येऊन बसतात. त्याच आठवड्यात पगारी ड्रायव्हरला ९०० डॉलर मिळालेले असतात. इथे ‘दोन रात्री जास्त मारून भरून काढू’ हा आपल्याकडचा उपाय चालत नाही. अमेरिकेत सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास स्टिअरिंग धरता येते आणि कामाचे तास आठ दिवसांत ७० वर थांबतात. कॅनडात दिवसाला १३ तास चालवता येते आणि सात दिवसांत ७० तास काम करता येते. ही नोंद इंजिनाला जोडलेले ईएलडी यंत्र ठेवते, वही नव्हे.

गेल्या हिवाळ्यात हायवे ४०१ वर वुडस्टॉकच्या जवळ एका ट्रक स्टॉपवर एका तरुण सहकाऱ्याने आपल्या सेटलमेंटचा, म्हणजे आठवड्याच्या हिशोबाचा, कागद माझ्यापुढे ठेवला आणि तो नीट वाचून सांगा म्हणाला. वरच्या बाजूला एकच जमा ओळ होती आणि तिच्याखाली वजावटींची रांग: डिझेल कार्ड, ट्रक लीज, विमा, मालाचा विमा, ट्रेलरचे भाडे, ईएलडी टॅब्लेटचे भाडे, अनामत, देखभाल निधी, ‘ॲडमिन फी’ म्हणून एक मोघम रक्कम, आणि सर्वांत खाली मागील आठवड्याची देणे बाकी. हातात तीन आकडी रक्कमही उरलेली नव्हती. त्या आठवड्यात तो डॅलसजवळ दोन दिवस परतीच्या भाड्याची वाट पाहत उभा होता, आणि हे दोन दिवस कागदावर कुठेच दिसत नव्हते. मला त्या कागदात सर्वांत बोलकी वाटली ती हीच गोष्ट. कंपनीचा पगारी ट्रक उभा राहिला तर ती झळ कंपनीला बसते, म्हणून डिस्पॅचर आधी त्याला भाडे शोधतो. लीजवरचा ट्रक उभा राहिला तरी हप्ता चालूच असतो, त्यामुळे त्याच्यासाठी धावपळ करण्याचे कोणाला कारण नसते. डिस्पॅचर दुष्ट असतो असे मला म्हणायचे नाही. त्याच्यापुढे मांडलेला हिशोबच तसा आहे. त्या तरुणाने भाडी नाकारण्याचा करारातला हक्क एकदा वापरून पाहिला होता, आणि पुढचे भाडे त्याला फार उशिरा मिळाले होते.

ही एखाद्या वाईट कंपनीची गोष्ट आहे असे समजू नये, कारण सीमेपलीकडे याचा मोठा इतिहास आहे. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांनी हवा स्वच्छ ठेवण्यासाठी २००८ पासून जुन्या ट्रकांना टप्प्याटप्प्याने बंदी घातली. तोपर्यंत स्वतःचा जुना ट्रक चालवणाऱ्या आणि बहुतांशी स्थलांतरित असलेल्या ड्रायव्हरांना नवा ट्रक घेण्याची ऐपत नव्हती. कंपन्यांनी ट्रक विकत घेतले आणि ते त्याच माणसांना लीजवर दिले. ‘यूएसए टुडे’ या दैनिकाने २०१७ मध्ये त्याची सविस्तर चौकशी छापली. त्यात वजावटी जाऊन आठवड्याची कमाई जवळजवळ शून्यावर आलेले ड्रायव्हर होते, आणि नोकरी गेल्यावर ट्रक व भरलेले पैसे दोन्ही गमावलेलेही होते. न्हावाशेव्याच्या रांगेत दिवस काढलेल्या माणसाला ती परिस्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. मिसूरी राज्यातील न्यू प्राइम या कंपनीविरुद्ध डॉमिनिक ऑलिव्हेरा या ड्रायव्हरने केलेला दावा तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने एकमताने असे ठरवले की, वाहतूक कामगाराला कागदावर स्वतंत्र ठेकेदार म्हटले असले तरी अमेरिकेच्या संघीय लवाद कायद्याच्या आधारे त्याला न्यायालयाऐवजी लवादाकडे जाण्याची सक्ती करता येत नाही. पुढे हा दावा २ कोटी ८० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. अमेरिकी काँग्रेसने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ट्रक लीजच्या अभ्यासासाठी एक कार्यगट नेमण्याची तरतूद केली होती. त्या कार्यगटाने जानेवारी २०२५ मधील अहवालात अशा लीज-पर्चेस योजनांवर बंदीच घालावी अशी शिफारस केली. सरकारने नेमलेल्या गटाने बंदीपर्यंत जावे, यावरून काय समजायचे ते समजावे.

दुरुस्तीविषयी तुमच्या पत्रात एकच ओळ आहे, ‘मला गाडीचे काम येते’. ते उपयोगी पडेल, पण इथे वेगळ्या गोष्टी मोडतात. २०१० नंतरच्या इंजिनांना धूर स्वच्छ करणारी मोठी यंत्रणा जोडलेली असते: काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर, ईजीआर, डीईएफ नावाच्या द्रावाची टाकी व पंप, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे सेन्सर. त्यातला एक सेन्सर बिघडला की संगणक इंजिनाची ताकद उतरवतो आणि भरलेला ट्रेलर घेऊन ट्रक चढावर रांगू लागतो. पान्हा घेऊन खाली शिरण्यासारखे ते काम नसते. संगणक लावून दोष वाचावा लागतो, आणि दुकानात नंबर लागायला दोन-तीन दिवस जातात. जानेवारीत सुपीरिअर सरोवराच्या काठाने हायवे १७ वर, वावाच्या आसपास, उणे तीस अंशांत हे घडले तर टोइंगचेच बिल आठवड्याची कमाई खाऊन टाकते. चार वर्षे वापरलेला ट्रक म्हणजे नेमका तो, ज्याची मूळ वॉरंटी संपत आलेली असते आणि मोठे खर्च सुरू व्हायचे असतात. इंजिन उघडायची वेळ आली तर खर्च सहज तीस हजार डॉलरच्या पुढे जातो. लीज-पर्चेसच्या बहुतेक करारांत दुरुस्तीचा सगळा भार तुमच्यावर असतो, आणि काही करारांत ती कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, कंपनी लावेल त्या दराने करून घेण्याची अटही असते.

मग ट्रक घ्यायचाच नाही का? घ्या, पण क्रम बदला. पीआर झाल्यावर आधी ओंटारियोचे साधे ‘जी’ लायसन्स पूर्ण दर्जाचे मिळवा, कारण त्याच्याशिवाय ट्रेलरच्या ‘एझेड’ लायसन्सकडे जाता येत नाही. भारताबरोबर ओंटारियोचा लायसन्स अदलाबदलीचा करार नाही. पण दोन वर्षांहून अधिक अनुभव अधिकृत पत्राने सिद्ध केला तर ‘जी’ची अंतिम रस्ता चाचणी थेट देता येते, नाहीतर मधल्या टप्प्यावर वर्ष जाते. म्हणून निघण्याआधीच आरटीओतून लायसन्सचा उतारा, पहिल्या तारखेपासूनच्या नोंदींसह, काढून घ्या. त्यानंतर एमईएलटी हे किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण येते. ओंटारियोने ते १ जुलै २०१७ पासून सक्तीचे केले आहे, आणि आठ वर्षांच्या ट्रेलरच्या अनुभवालाही त्यातून सूट नाही. चाचणी हाताने गिअर बदलायच्या ट्रकवर द्या. तुम्हाला ते अवघड नाही, आणि ऑटोमॅटिकवर दिल्यास लायसन्सवर तसे बंधन छापून येते.

नंतर दोन वर्षे पगारी नोकरी करा, टी-४ देणारी, म्हणजे वर्षाअखेर पगाराचा अधिकृत दाखला मिळेल अशी. विमा कंपन्या सहसा उत्तर अमेरिकेतला अनुभव मोजतात; तुमची न्हावाशेव्याची आठ वर्षे त्यांच्या तक्त्यात बसत नाहीत, आणि नव्या एझेडवाल्याचा विमा इतका महाग पडतो की मी वर धरलेले आठवड्याचे ३५० डॉलर कमी वाटतील. अमेरिकेचा प्रश्न वेगळाच आहे. भारतीय पासपोर्टवर, कॅनडाचे पीआर असूनही, माल घेऊन सीमा ओलांडण्यासाठी बी-१ व्हिसा लागतो, आणि तो मिळाला तरी अमेरिकेतल्या अमेरिकेत एका शहरातून दुसऱ्या शहरात माल नेता येत नाही. व्हिसा हातात नसताना ज्या कंपनीची बहुतेक भाडी टेक्सास-ओहायोची आहेत तिचा ट्रक लीजवर घेतलात, तर तुमच्यासाठी भाडी कुठून येणार? शिवाय २५ जून २०२५ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या तपासणीत ड्रायव्हरला इंग्रजी बोलता-वाचता आले नाही तर त्याला तिथेच गाडी चालवण्यापासून थांबवले जाते. ही दोन वर्षे त्या तयारीलाही उपयोगी पडतील, आणि कोणत्या मार्गावर बर्फ कसा पडतो, कोणती गोदामे सहा-सहा तास थांबवून ठेवतात, हे दुसऱ्याच्या डिझेलवर शिकून होईल.

बाजाराचा रोखही या दोन वर्षांत कळेल. २०२१ मध्ये भाडी भरमसाट होती आणि जुन्या ट्रकांच्या किमती २०२२ च्या सुरुवातीला शिगेला पोचल्या. त्याच सुमारास ज्यांनी मोठे हप्ते डोक्यावर घेतले त्यांच्या अंगावर २०२२ च्या मध्यानंतरची मंदी आली. अमेरिकेने २०२५ मध्ये पोलाद, ॲल्युमिनियम आणि वाहनांवर लावलेल्या आयातशुल्कांमुळे ओंटारियोतून दक्षिणेकडे जाणाऱ्या मालाविषयी खात्रीने बोलणे आणखी अवघड झाले आहे. अशा बाजारात तीन वर्षांचा न बदलणारा साप्ताहिक हप्ता मी स्वतः घेणार नाही.

दोन वर्षांनी तुमच्याजवळ इथला पतइतिहास, स्वच्छ ड्रायव्हर ॲब्स्ट्रॅक्ट (चालकाच्या नोंदींचा सरकारी उतारा) आणि थोडी शिल्लक असेल. तेव्हा ट्रक स्वतंत्र डीलरकडून आणि कर्ज स्वतंत्र वित्तसंस्थेकडून घ्या, आणि तो ट्रक हव्या त्या कंपनीकडे लावा. स्वतंत्र लीजिंग कंपनीकडून लीजवर घेतलात तरी माझा मुख्य आक्षेप तिथे लागू होत नाही, कारण भाडे देणारा बदलला तरी ट्रक तुमच्याकडे राहतो. व्याज आणि शेवटची रक्कम तेवढी नीट पाहायची. खाजगी मालकाकडून जुना ट्रक घेताना त्यावर कोणाचा बोजा आहे का ते आधी तपासून घ्या. इंजिनाच्या संगणकातून चाललेले तास आणि जुने दोष उतरवून घ्या, आणि तेलाचा नमुना तपासायला पाठवा. तीन-चारशे डॉलरच्या या खर्चाला लोक कचरतात, हे मला कधीच उमगलेले नाही. ट्रक रस्त्यावर आणण्याआधी दुरुस्तीसाठी दहा-पंधरा हजार डॉलर बाजूला हवेत. तेवढे नसतील तर अजून एक वर्ष थांबलेले बरे. ठोकताळा म्हणून, आठवडा १,५०० मैलांचा धरूनही हिशोब शून्याच्या वर राहत असेल तरच सही करावी.

एवढे सांगूनही कधी कंपनीच्या लीज-पर्चेसवर सही करायची वेळ आलीच, तर वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका, आणि कंपनीकडून काही गोष्टी लेखी घ्या. करार मध्येच सोडल्यास उरलेले हप्ते अंगावर येतात की ट्रक परत करून मोकळे होता येते, हे पहिले. अनामत किती, कशासाठी कापली जाऊ शकते आणि किती दिवसांत परत मिळेल, हे दुसरे. अमेरिकी वाहतूक नियमांत करार संपल्यापासून ४५ दिवसांत अनामत परत करण्याची आणि कागदपत्रे दिल्यापासून १५ दिवसांत हिशोब चुकता करण्याची अट आहे. कॅनडातल्या करारात ती आपोआप येईल असे धरू नका, तशीच्या तशी लिहून घ्या. टक्केवारीवर काम असेल तर भाड्याचे मूळ बिल पाहण्याचा हक्क मागा. भाडी देण्यात खंड पडला तर त्या काळाचा हप्ता माफ, ही अट मागून पाहा. ती कोणी मान्य करील असे मला वाटत नाही, पण नकार देताना ते काय कारण सांगतात ते ऐकण्यासारखे असते.

करांविषयी थोडक्यात: स्वतःचा धंदा सुरू झाला आणि उलाढाल ३०,००० डॉलरच्या वर गेली की एचएसटी या विक्रीकराची नोंदणी करावी लागते. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला जेवणाच्या खर्चाची ८० टक्के वजावट मिळते. प्लेट आणि परवाने कंपनीच्या नावावर असले तर आंतरराज्य इंधनकराचा, म्हणजे आयएफटीएचा, तिमाही हिशोब सहसा कंपनीच करते. चांगला हिशोबनीस वर्षाला हजार-दीड हजार डॉलर घेईल. तो खर्च टाळू नका.

शेवटी भागीदारीतल्या हिश्श्याविषयी. निघण्यापूर्वी तो विकण्याची घाई करू नये असे माझे मत आहे. एझेड हातात येईपर्यंत तुमची घरची मिळकत बहुतांशी पत्नीच्या पगारावर असेल, आणि तिलाही इथल्या परिचारिकांच्या नोंदणीतून जावे लागणार असल्यामुळे पहिले काही महिने दोघांचाही पगार अनिश्चित राहील. अशा वेळी ट्रेलरचे महिन्याला येणारे पैसे उपयोगी पडतील, आणि भाऊ गाडी चालवणार असल्यामुळे व्यवहार कोणा परक्याच्या हातात जात नाही. निघण्याआधी भावाबरोबर हिशोबाची लेखी समजूत करा, आणि आरसी बुकावर तुमचेही नाव असेल तर पासिंग, विमा व पुढे विक्री यांसाठी त्याला मुखत्यारपत्र देऊन ठेवा. परदेशी स्थायिक झाल्यावर बँकेतले साधे बचत खाते एनआरओमध्ये बदलून घ्यावे लागते. ट्रेलरचे पैसे तिथेच जमा होऊ द्या. दोन वर्षांनी ट्रकसाठी १५,००० डॉलर रोख उभे करायची वेळ येईल तेव्हा हिस्सा भावालाच विकता येईल, आणि त्यावेळी तो विकायचा की राखायचा हे इथल्या भाड्यांचे दर पाहून ठरवा. एजंटाने अनामत म्हणून आत्ता काही रक्कम मागितली आहे असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. ती देऊ नका, आणि कराराचा पूर्ण मसुदा त्याच्याकडून मागवून मला पाठवा.